विनामृत्युपत्र वारसा

मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीची मालमत्ता कायद्याने ठरवलेल्या वारसांकडे जाते. यास विनामृत्युपत्र वारसा म्हणतात. वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणीच उत्पन्न होतो. पुढचे दाखले व नोंदी तो हक्क दाखवतात, निर्माण करत नाहीत.

वारस कोण, हे मृताला लागू असलेल्या कायद्यावरून ठरते. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू आहे. पुरुषाच्या मालमत्तेत विधवा, आई, प्रत्येक मुलगा व प्रत्येक मुलगी यांचा वाटा सारखा असतो. आधी वारलेल्या मुलाचा किंवा मुलीचा वाटा त्यांच्या वारसांना मिळतो. वडील मात्र दुसऱ्या वर्गात येतात. निपुत्रिक स्त्रीला आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता पतीला न मिळता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परतते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्यासाठी त्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी यांचे नियम वेगळे आहेत. गोव्यात सर्वधर्मीयांना पोर्तुगीज परंपरेतून आलेला कायदा लागू होतो.

महाराष्ट्रात शेतजमिनीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावी लागते. वारसांची नावे प्रथम गाव नमुना ६-क मध्ये व नंतर फेरफार नोंदवहीत चढतात. हितसंबंधितांना नोटीस दिल्यावर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. बँकेतील ठेवी, रोखे व येणी यांसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते. घर-जमिनीच्या वारसदाखल्याचा आधार आजही मुंबई इलाख्याचा १८२७ चा आठवा विनियम हाच आहे.

सर्वाधिक घोटाळा ‘नॉमिनी’ या शब्दाने होतो. बँकेत नॉमिनी असलेली व्यक्ती वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते. केवळ त्या नावामुळे ती मालक होत नाही. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले.

वर्दी देताना बहिणींची नावे गाळण्याची रीत जुनी आहे आणि ती अन्यायाची आहे. सातबारा हा महसुली अभिलेख असून मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. घर-जमिनीवरचा हक्क सोडायचा, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. केवळ नाव चढले नाही म्हणून बहिणीचा वाटा बुडत नाही. वाटपाचा दावा लावून ती तो मागू शकते.