मीटरचा दर आणि सीटचा दर : कसारा घाटातील टॅक्सीभाड्याचा इतिहास

सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरी हे गाव प्रवासाच्या खंडामुळे वाढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1865 साली थळ घाटातून, म्हणजे आजच्या कसारा घाटातून, लोहमार्ग वर आणला तेव्हा दर 37 फुटांना एक फूट इतका खडा चढ पार करण्यासाठी गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडावी लागत आणि माथ्यावर पोहोचताच ती सोडावी लागत. ही व्यवस्था आजही चालू आहे. पुढे विजेच्या युगात मुंबईकडचा मार्ग एका प्रकारच्या विद्युतप्रवाहावर आणि नाशिककडचा दुसऱ्या प्रकारच्या प्रवाहावर चालू लागल्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलणे अनेक दशके अटळ होते. रस्त्यावरच्या भाड्याच्या वाहतुकीसाठी मात्र सर्वांत मोठा खंड घाटाच्या पायथ्याशी पडला, कारण मुंबईची उपनगरी लोकल कसाऱ्यालाच संपते. तेथून इगतपुरीपर्यंतच्या सुमारे 15 किलोमीटरच्या आणि पुढे घोटी, नाशिकपर्यंतच्या वाटेवर लोकलमधून उतरलेला प्रवासी आणि स्टेशनाबाहेर उभा असलेला गाडीवाला यांच्यात जो भाड्याचा व्यवहार रुजला, तो शासनाने ठरवून दिलेल्या टॅक्सीदराच्या इतिहासाची एक निराळी, फारशी न लिहिली गेलेली बाजू दाखवतो.

भाड्याच्या वाहनाचा दर सरकारने ठरवावा ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. मुंबई इलाख्यात सार्वजनिक भाड्याच्या गाड्यांसंबंधीचा कायदा 1863 सालीच झाला होता, म्हणजे रेल्वे अद्याप थळ घाट चढायची होती तेव्हाच घोडागाडीवाल्याचा परवाना हा सरकारी विषय झाला होता. मुंबईत 1911 साली मोटार टॅक्सी आली, 1939 च्या मोटार वाहन कायद्याने देशभरासाठी एक चौकट घालून दिली आणि 1988 च्या कायद्यातील कलम 67 ने भाड्याचे किमान व कमाल दर ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. त्याप्रमाणे राज्य पातळीवर आणि त्याखाली विभागवार परिवहन प्राधिकरणे काम करतात.

कायद्याने प्रवासी वाहनांचे दोन वर्ग केले आहेत आणि घाटातील साऱ्या तंट्याचे मूळ या वर्गवारीत आहे. पहिला वर्ग टप्पा वाहतुकीचा : एसटीप्रमाणे ठरलेल्या मार्गावर, टप्प्याटप्प्याने प्रवासी चढवीत-उतरवीत, प्रत्येकाकडून वेगळे तिकीट घेणारे वाहन. दुसरा वर्ग कंत्राटी वाहनाचा : संपूर्ण गाडी एका ठरावाखाली भाड्याने घ्यायची आणि वाटेत परका प्रवासी घ्यायचा नाही. चालक वगळता सहापर्यंत प्रवासी नेणारी मोटारकॅब आणि त्याहून अधिक, बारापर्यंत, प्रवासी नेणारी मॅक्सीकॅब ही दोन्ही मूलतः दुसऱ्या वर्गातली वाहने होत. मीटरची कल्पना याच वर्गाला शोभणारी आहे, कारण मीटर गाडीने तोडलेले अंतर मोजतो; गाडीत एक माणूस आहे की चार, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

घाटातला प्रवासी मात्र गाडी नव्हे, सीट विकत घेतो. पाच-सहा अनोळखी माणसे एका गाडीत बसवून प्रत्येकाकडून ठरीव रक्कम घेणे ही पद्धत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात काळी-पिवळी या नावाने, तर पश्चिम महाराष्ट्रात वडाप या नावाने ओळखली जाते. ज्याला घाई आहे आणि ऐपत आहे तो सगळ्या सीटांचे पैसे एकट्याने भरून ‘स्पेशल’ गाडी करतो. उरलेले सर्व जण गाडी भरेपर्यंत थांबतात. काही मार्गांवर प्राधिकरणांनी प्रतिसीट दर मंजूर करून या पद्धतीला कायद्यात जागाही करून दिली, आणि मुंबईहून पुणे, नाशिक व शिर्डीकडे जाणाऱ्या टॅक्सींचे असे दर 2024 साली वाढवण्यात आले. कसारा ते इगतपुरी या छोट्या पट्ट्याची अडचण आणखी वेगळी आहे. कसारा ठाणे जिल्ह्यात आणि इगतपुरी नाशिक जिल्ह्यात. घाट चढताना गाडी जिल्ह्याची हद्द ओलांडते, आणि एका विभागाचा परवाना दुसऱ्या विभागात चालण्यासाठी तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे त्या परवान्यावर दिलेली मान्यता, लागते. त्यामुळे पंधरा किलोमीटरच्या चढावर दर ठरवणारी कार्यालये दोन आणि प्रत्यक्ष दर ठरवणारा मात्र गाड्यांचा नंबर लावणारा थांबा, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली.

मुंबईतील दरवाढीचा क्रम पाहिला म्हणजे हा फरक ठळक होतो. निवृत्त सनदी अधिकारी पी. एम. ए. हकीम यांच्या एकसदस्यीय समितीच्या शिफारशींवरून 11 ऑक्टोबर 2012 पासून मुंबईत टॅक्सीचे किमान भाडे 17 रुपयांवरून 19 आणि रिक्षाचे 12 वरून 15 रुपये झाले. त्याच वेळी किमान भाड्यातील अंतर 1.6 किलोमीटरवरून 1.5 वर आले, 1.6 किलोमीटर म्हणजे जुना एक मैल, आणि मैल व्यवहारातून जाऊनही अर्धशतक भाडेपत्रकात टिकून राहिला होता. या दरवाढीला मुंबई ग्राहक पंचायतीने उच्च न्यायालयात आव्हान दिले. ग्राहक संघटनेचा मुद्दा केवळ दोन-तीन रुपयांचा नव्हता. चालकाचा खर्च कोणत्या सूत्राने मोजला गेला आणि त्या सूत्राची छाननी प्रवाशाच्या बाजूने कोणी केली, हा प्रश्न तिने उभा केला, आणि तो पूर्णपणे रास्त होता. पुढे बी. सी. खटुआ यांच्या समितीने दूरच्या प्रवासासाठी टप्प्याटप्प्याने घटणारा दर आणि दुपारच्या मंद वेळेत सवलत यांसारख्या सूचना केल्या. टॅक्सीचे किमान भाडे मार्च 2021 मध्ये 25 रुपये, सीएनजीच्या महागाईवरून संघटनांनी संपाचा इशारा दिल्यानंतर 1 ऑक्टोबर 2022 पासून 28 रुपये आणि 1 फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये झाले.

शहरातील दरवाढीनंतरच्या प्रतिक्रिया या सर्व वेळी साधारण सारख्याच राहिल्या. जवळच्या अंतराचा प्रवासी काही आठवडे बसकडे किंवा पायी चालण्याकडे वळतो, नवीन दरांप्रमाणे मीटर जुळवून होईपर्यंत भाडेपत्रकावरून वाद होतात, आणि चालकाला वाढीचा आनंद फार काळ टिकत नाही, कारण भाड्याने गाडी चालवणाऱ्याकडून मालक रोजची ठरीव रक्कमही वाढवून मागतो. घाटात यांपैकी मीटरचा वाद उद्भवतच नाही. तेथे भाडे अचानक वाढवणे चालकाला कठीण जाते, कारण रोज लोकलने येणारे नोकरदार, दूधवाले, बाजारकरू हे ओळखीचे गिऱ्हाईक असते आणि एकाने जास्त पैसे मागितले तर पुढच्या खेपेला ते दुसऱ्या गाडीकडे जाते. इंधन तर महाग झालेले असते. अशा वेळी वाढ पैशात होत नाही, सीटांत होते : तिघांच्या बाकावर चौथा बसतो, चालकाशेजारी दोघे बसतात, मुलांना मांडीवर घ्यायला सांगितले जाते. प्रवासी तेच भाडे देतो आणि त्याच्या वाट्याला येणारी जागा कमी होते. वळणावळणांच्या उताराच्या रस्त्यावर, पावसाळ्याच्या धुक्यात, ही जादा सीट म्हणजे निव्वळ गैरसोय नसून जिवाची जोखीम असते. दर दाबून ठेवल्याने गरीब प्रवाशाचे हित होते, हे विधान म्हणूनच अर्धे खरे आहे. न वाढवलेल्या भाड्याची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते आणि घाटात ती मागच्या बाकावर बसलेल्या माणसाने मोजलेली आहे.

चालकाचे गणित परतीच्या फेरीवर उभे असते. लोकल आली की चढाची गाडी पंधरा मिनिटांत भरते. इगतपुरीहून खाली जाताना मात्र तासभर थांबूनही दोनच सीटा मिळतात, कारण मुंबईला जाणाऱ्याला इगतपुरी स्टेशनात पंचवटीसारखी थेट गाडी मिळते. म्हणून चढाच्या सीटमध्ये रिकाम्या उताराचा वाटा मिसळलेला असतो. मीटरच्या सूत्रात अंतर आणि थांबण्याचा वेळ यांना जागा आहे, पण डोंगराच्या एकाच बाजूने येणाऱ्या गर्दीला नाही.

या साऱ्या व्यवहारावर खरा लगाम कोणी ठेवला असेल तर तो एसटीने. 1948 पासून राज्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या या बसचे तिकीट हेच सीटच्या दराचे अघोषित मोजमाप होते. काळी-पिवळीने त्याच्या फार वर जाता येत नसे आणि खाली जाणे परवडत नसे. खासगी कंत्राटी बसभाड्याची कमाल मर्यादा एसटीच्या दीडपट ठेवण्याचा 2018 चा शासननिर्णयही याच मोजमापावर आधारलेला आहे. 2021 च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात शासनाने खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा दिली, तेव्हा एरवी कारवाईच्या भीतीने स्थानकापासून दूर उभे राहणारे गाडीवाले काही महिने उघडपणे स्थानकातूनच प्रवासी घेऊ लागले. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले आणि पारडे उलट झुकले, कारण निम्म्या दराशी स्पर्धा करणे कोणत्याही जीपला शक्य नव्हते. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. सीटच्या दराला त्यामुळे वर सरकायला जी जागा मिळाली, ती मुंबईतील मीटरच्या कोणत्याही वाढीने मिळाली नव्हती.

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याने कसारा घाटाची चढण टाळता येऊ लागली. मुंबई-नाशिक टॅक्सीवाल्यापुढे आता पथकराचा वाटा प्रत्येक सीटवर किती टाकायचा, हा नवा हिशेब आहे. कसारा स्टेशनासमोर उभ्या असलेल्या गाडीला मात्र त्या बोगद्याचा उपयोग नाही. तिचा प्रवासी लोकलने येतो, आणि तो अजूनही जुन्या घाटानेच वर चढतो.