लैंगिक संसर्ग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा गर्भाशयाच्या योनीकडील टोकाला होणारा कर्करोग आहे. जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये त्याचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गात असते. हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो. या कारणसंबंधाचा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

संसर्ग ते कर्करोग

एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सामान्य असून बहुतेक स्त्रियांमध्ये तो दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. टिकून राहिलेल्या संसर्गातून कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. या विषाणूचे १६ व १८ क्रमांकांचे प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत असतात. एचआयव्हीबाधित स्त्रियांना हा धोका सुमारे सहापट असतो. अंडाशयाच्या किंवा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे एचपीव्ही हे कारण मानले जात नाही.

अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा बुरशी वा जिवाणूंच्या संसर्गामुळे असते व ते औषधांनी बरे होते. संभोगानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव झाल्यास मात्र त्वरित तपासणी आवश्यक असते.

बीड जिल्हा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेल्यावर कर्करोगाची भीती घातली गेली, असे अनेक स्त्रियांनी सांगितले. फडावर पाणी व शौचालयाची सोय नसल्याने असे संसर्ग वारंवार होतात, तर खाडा झाल्यास मजुरी कापली जाते. वैद्यकीयदृष्ट्या अशा संसर्गावर गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. तपासणीत पूर्वकर्करोग आढळल्यासही बहुतेक वेळा केवळ बाधित भागावर उपचार पुरतात.

धाराशिवचा अभ्यास

बीडलगतच्या धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले.

प्रतिबंध

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. तीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पांढरे होणारे डाग पाहिले जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी दिल्यास लस सर्वाधिक परिणामकारक ठरते. लस घेतलेल्या स्त्रियांनाही पुढे तपासणी आवश्यक असते.