तरतूद, पोटगी आणि ‘आत’

वर्गात उर्दू शेर समजावून सांगताना एखादा हुशार मुलगा शेरात नसलेलीच गोष्ट सांगू लागतो. मी त्याला इतकेच विचारते, “बेटा, हे कुठल्या लफ्जात आहे?” हाच सवाल आपल्या तलाकशुदा बहिणींच्या भाकरीशी कसा जोडला गेला, तो इतिहास पाहण्यासारखा आहे.

सूरह बकराच्या 240व्या आयतीत विधवेसाठी वर्षभराच्या निर्वाहाचा उल्लेख आहे. तिचा आधार घेऊन कुलसूम बीबी नावाच्या विधवेने निर्वाहखर्च मागितला. 1897 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो नाकारला. जुन्या, मान्यवर भाष्यकारांच्या स्पष्ट मताविरुद्ध न्यायालयाने कुरआनचा स्वतःचा अर्थ लावू नये, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. बहुतेक मुफस्सिरीन हा हुकूम मन्सूख मानतात, तोही 234व्या आयतीने! ग्रंथातला क्रम आणि अवतरणाचा क्रम एक नाही, हे ज्याला ठाऊक नाही तो इथे हमखास फसतो. मात्र मुजाहिदसारख्या ताबईंचे मत निराळे होते, हेही विसरू नये. परक्या न्यायाधीशांची ती सावधगिरी मला योग्य वाटते. पण तिने एक दरवाजा बंद केला, हेही खरे.

पुढचीच 241वी आयत तलाकशुदा स्त्रियांविषयी आहे. तिच्यातला शब्द ‘मताअ’. इंदूरच्या शाहबानो यांचा निकाह 1932 चा, तलाक 1978 चा. कनिष्ठ न्यायालयाने दरमहा 25 रुपये दिले, उच्च न्यायालयाने 179 रुपये 20 पैसे. एवढ्याशा रकमेसाठी पती, जे स्वतः वकील होते, सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने मांडले की, ‘मताअ’ म्हणजे तरतूद, पोटगी नव्हे. 23 एप्रिल 1985 च्या निकालात न्यायालयाने इंग्रजी तर्जुमे समोर ठेवले आणि या दोन शब्दांत खरा फरकच नाही, असे ठरवले. निकाल स्त्रीच्या बाजूने लागला, तरी माझ्यातली शिक्षिका इथे अडखळते. मूळ अरबी शब्दाचा निवाडा तर्जुम्यांवरून करायचा का?

मग आंदोलने झाली आणि 1986 चा कायदा आला. तो शाहबानो निकाल निष्प्रभ करण्यासाठीच आणला, हे कोणापासून लपलेले नव्हते. पण कलम 3 मध्ये लिहिले गेले ते असे : वाजवी आणि न्याय्य तरतूद व पोटगी, इद्दतीच्या मुदतीच्या आत. ‘मुदतीपुरती’ असे लिहिलेच गेले नाही. उच्च न्यायालयांची मते दुभंगली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2000 मध्ये स्त्रीच्या बाजूचा अर्थ स्वीकारला. शाहबानोंचे वकील राहिलेले दानियल लतीफी यांनी या कायद्यालाच आव्हान दिले होते. 28 सप्टेंबर 2001 रोजी पाच न्यायमूर्तींनी कायदा वैध ठरवला, पण अर्थ सांगितला तो असा : पतीने इद्दतीच्या आत द्यायचे, मात्र तिच्या पुढच्या आयुष्याचाही विचार करून. पोटगी आणि तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणजे बोर्डाने 1985 मध्ये मांडलेला आणि न्यायालयाने तेव्हा झिडकारलेला भेदच 2001 मध्ये स्त्रियांच्या कामी आला!

कोणी म्हणेल, संसदेचा हेतू वेगळा होता. असेल. पण हेतू लफ्जात उतरला नाही, तर वाचणाऱ्याने तो कुठून आणायचा? संकुचित अर्थ घेतला तर कायदा घटनेच्या 14, 15 व 21 या अनुच्छेदांशी विसंगत ठरेल, असेही न्यायालय म्हणाले. नुसत्या या कारणावर मी समाधानी झाले नसते. जो अर्थ शब्दांत बसत नाही, तो कितीही न्याय्य असला तरी वाचकाला घालता येत नाही. इथे तो बसत होता.

10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 चा मार्गही तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला खुला असल्याचे सांगितले. 1986 चा कायदा त्याच्या जोडीला आहे, जागी नाही. ‘मताअ’वरची चर्चा मात्र त्या निकालाने संपलेली नाही.