सायकल, घाट आणि घोटभर पाणी

आपल्या लोकांस फिरण्याची आवड नाहीं, असा आक्षेप पुष्कळ वेळां ऐकूं येतो. तो खरा नाहीं. आषाढी-कार्तिकीस पायीं पंढरपूर गांठणाऱ्या समाजास घरकोंबडा कोण म्हणेल? परंतु वारीस देव लागतो, सोयऱ्याकडे जाण्यास लग्नकार्य लागतें आणि बाजारास जाण्यास माल लागतो. केवळ घाट चढावा, पलीकडचा मुलूख पाहावा व परत यावें, असा निर्हेतुक प्रवास आपल्याकडे त्या मानानें नवा; आणि तो सामान्य माणसाच्या आटोक्यांत आणण्याचें बरेंचसें श्रेय सायकलीस आहे.

आरंभींची सायकल मात्र डोंगराच्या कामाची नव्हती. टॉमस स्टीव्हन्स हा साहसी गृहस्थ १८८६ सालीं लाहोराहून कलकत्त्यास गेला तो उंच पुढच्या चाकाच्या गाडीवर. चढावर ती ओढावी लागे आणि उतारावर चाक अडलें कीं स्वार डोक्यावर पडे. पुढें स्टार्लीची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ (१८८५) व डनलॉपचा हवेचा टायर (१८८८) यांनीं हें वाहन सर्वांच्या उपयोगाचें केलें. त्याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपल्या बंधूंसह बेळगांवीं सायकलींचें दुकान थाटलें. महाराष्ट्राच्या शेतांत लोखंडी नांगर पोंचविणाऱ्या उद्योगाचा उगम दुचाकीच्या दुकानांत व्हावा, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे.

शतकाच्या अखेरीस फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकन बाई पतीसह हिंदुस्थानभर सायकलीवरून देवालयें पाहत हिंडली. त्यांच्या १९०४ सालच्या ग्रंथाच्या नांवांतच १४,००० मैलांचा उल्लेख आहे. पुढें १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईचे सहा पारशी तरुण जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारें ४४,००० मैल तुडवून १८ मार्च १९२८ रोजीं परत आले. परतंत्र देशाच्या तरुणांनीं सगळें जग आपलें अंगण मानावें, यांत केवळ व्यायामाची हौस नव्हती.

हें सारें आठवण्याचें निमित्त अगदीं लहान आहे. दोन वर्षांपूर्वीं हिंवाळ्याच्या सुटींत मीं वळसंगाहून सायकलीनें नळदुर्ग-तुळजापूर असा फेरा केला. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील हें गांव सपाट मुलखांतलें. येथें उभें राहून डोंगराचें स्मरणही होत नाहीं. पण उत्तरेस गेलें कीं बालाघाटाची कड समोर येते. नळदुर्गास इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटांतला पाणीमहाल पाहिला. तुळजापूरच्या घाटांत मात्र सायकल हातीं धरून चालावें लागलें. पन्नाशीनंतर त्यांत लाज मानूं नये. वाटेंत जेथें जेथें थांबलों, तेथें तेथें न मागतां पाण्याचा तांब्या पुढें आला. मला कोणीं जात विचारली नाहीं. ती विचारण्याचें कारण पडलें नाहीं, असें म्हणणें अधिक प्रामाणिकपणाचें होईल.

कारण नळदुर्ग-तुळजापूरचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्याच राज्यांत १९३४ सालीं डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सहलीस गेले होते. तेही आमच्यासारखेच लेणीं व किल्ले पाहण्यास निघालेले प्रवासी. दौलताबादच्या दरवाज्याशीं धुळीनें माखलेले हातपाय त्यांनीं हौदावर धुतले, तोंच हौद बाटविल्याची ओरड झाली. अखेर किल्ला पाहूं दिला तो, कोठेंही पाण्यास स्पर्श होऊं नये म्हणून सशस्त्र शिपाई बरोबर देऊन! किल्ला तोच, वाट तीच, तहानही तीच. भेद होता तो पाण्यापाशीं.

यानंतर तीनच वर्षांनीं, १९३७ मध्यें, बाबासाहेब वळसंगास आले. येथील दलित बांधवांनीं स्वतःच्या श्रमांनीं खणलेल्या विहिरीचें पाणी ते प्याले. ती विहीर त्यांच्या नांवानें ओळखली जाते. मी निघालों त्या सकाळीं तिच्यापासून फार दूर नव्हतों. पण ती पाहण्याचें मला सुचलें नाहीं. मनांत घाट भरला होता. परत आल्यावर, थकलेल्या पायांनीं, मीं ती पाहिली.

प्रवासाचा इतिहास आपण मैलांनीं मोजतों व तें योग्यच आहे. त्या तीन पारशी वीरांचें कौतुक कमी करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु चाक, टायर आणि सडक एवढ्यानें माणूस फिरण्यास मोकळा होत नाहीं. अनोळखी गांवीं त्याच्या ओंजळींत कोणीतरी पाणी घालावें लागतें. ती खात्री ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, त्यांनीं आपल्याच गांवीं विहीर खणली. वळसंगाहून डोंगराकडे निघणाऱ्या तरुणांस माझी एवढीच विनंती आहे, कीं माझी चूक त्यांनीं करूं नये; ती विहीर आधीं पाहावी आणि मग घाटाकडे वळावें.