ध्वनीने दाखविलेली हृदयाची वाट

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सौंसर मध्य प्रदेशात राहिले. परंतु तेथील घरांतली बोली मराठीच राहिली, आणि मोठे दुखणे उद्भवले की पावले नागपूरकडेच वळत राहिली. छिंदवाड्याहून सौंसरमार्गे नागपुरास जाणारी अरुंद मापाची आगगाडी २०१५ साली मार्गाच्या रुंदीकरणासाठी बंद झाली. तोवर तिच्या डब्यांतून बाजारहाटाला निघालेली माणसे जात, तशी दवाखान्याच्या वाटेवरचीही जात. २०२३ साली सौंसर व पांढुर्णा हे तालुके मिळून नवा जिल्हा झाला. नागपूरचे अंतर मात्र होते तेवढेच आहे.

अशा गावी एखादे बालक जन्मल्यावर काही तासांतच निळे पडू लागले, तर त्या अंतराला निराळाच अर्थ येतो. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही उपजत दोष असतो. त्यांपैकी बरेचसे दोष सौम्य असतात. परंतु एका प्रकारात हृदयापासून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांची जागाच अदलाबदल झालेली असते. मग अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहते, शुद्ध रक्त फुप्फुसांतच. दोन गिरण्या शेजारी चालाव्यात आणि एकीचे पीठ दुसरीच्या दारापर्यंत कधी पोहोचूच नये, तसा हा प्रकार आहे. दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्यात पुरेसे छिद्र असेल तरच रक्ताची थोडी सरमिसळ होते व मूल तग धरते.

छाती न उघडता हे छिद्र करता येईल काय, हा प्रश्न विचारण्यापूर्वी हृदयात नळी घालता येते हे कोणी तरी सिद्ध करावयास हवे होते. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने ते स्वतःवरच करून दाखविले. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका स्वतःवर प्रयोग करून घेण्यास तयार झाली. फोर्समानने तिला टेबलाला बांधून ठेवले आणि नळी आपल्याच दंडाच्या शिरेत सरकविली! नंतर तो क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला व आरशात पाहत नळी ६५ सेंटिमीटर आत नेली. वैद्यकाच्या इतिहासात धाडस व हट्ट यांची सीमारेषा नेहमीच पुसट राहिली आहे. पुढे मूत्ररोगचिकित्सेकडे वळलेल्या या माणसास १९५६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ साली पुढचे पाऊल टाकले. मांडीच्या शिरेतून नेलेली नळी त्यांनी उजव्या अलिंदातून डाव्या अलिंदात घातली, तिच्या टोकाचा फुगा फुगविला आणि एका हिसक्यासरशी मागे ओढला. पडदा फाटला, रक्त मिसळू लागले, आणि निळ्या बालकांचा रंग पालटू लागला. तथापि हे सारे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून करावयाचे होते. त्या पडद्यावर नळी दिसते, फुगा दिसतो; हृदयाच्या मऊ भिंती मात्र छायेत एकरूप होऊन जातात. फुगा डाव्या अलिंदातच आहे की फुप्फुसशिरेत अथवा झडपेत शिरला आहे, हे अनुमानाने ठरवावे लागे, आणि चुकीच्या जागी दिलेला हिसका जीवावर बेतू शकतो.

भिंती दाखविणारे साधन त्यापूर्वीच निर्माण झाले होते, आणि तेही एका जहाजबांधणीच्या कारखान्याच्या साह्याने. स्वीडनमधील लुंड येथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना झडपेचा विकार शस्त्रक्रियेपूर्वी नेमका ओळखावयाचा होता. त्यांचे मित्र, पदार्थवैज्ञानिक कार्ल हेल्मुट हर्ट्झ, यांना पोलादातील भेगा श्राव्यातीत ध्वनीने शोधणारे यंत्र ठाऊक होते. कानास न ऐकू येणारा ध्वनी धातूत सोडावयाचा आणि भेगेवरून परतलेला प्रतिध्वनी टिपावयाचा, एवढीच त्याची करामत. माल्म्योच्या कारखान्यात हर्ट्झ यांनी ते यंत्र आपल्याच छातीला लावून पाहिले. नंतर सीमेन्स कंपनीकडून उसने मिळालेल्या यंत्रावर २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाचे पहिले आलेखन झाले. ते केवळ नागमोडी रेषांचे होते. हलते चित्र दिसावयास १९७० चे दशक उजाडावे लागले.

मग या दोन वाटा एकत्र आल्या. १९८२ साली लंडनच्या लिंडसे अ‍ॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्याची ही क्रिया ध्वनिचित्राच्या देखरेखीखाली केल्याचे प्रसिद्ध केले. आता पडदा दिसू लागला, त्याला टेकलेला फुगा दिसू लागला, आणि हिसक्यानंतर छिद्र किती मोठे झाले हे तत्क्षणी मोजता येऊ लागले. किरणांचा मारा नाही, शिरेत रंगद्रव्य सोडावयाचे नाही. बालकास हलविण्याचीही गरज उरली नाही. नाळेच्या शिरेतून नळी घालून अतिदक्षता विभागातील पाळण्याशीच काम उरकता येते. कोवळ्या पेशींना किरणांचा अपाय अधिक होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या लाभाचे मोल कळते.

याच्या उलट प्रकारही आहे. काहींच्या त्याच पडद्यात नको असलेले छिद्र उपजतच असते. तेथे ते बुजवावयाचे. कुर्ट अम्प्लाट्झ यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेची विणलेली दुहेरी चकती १९९० च्या दशकात तयार केली, आणि अन्ननलिकेत सोडलेल्या ध्वनिशोधकाने छिद्राच्या कडा पाहून ती बसविण्याची पद्धत रुळली. छिद्र फार मोठे असले की चकती उजवीकडे घसरते. मुंबईचे डॉ. भरत दळवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्याचा आधार देऊन ती जागेवर धरण्याची युक्ती २००५ साली जगापुढे मांडली, ही मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

सोनोग्राफी हा शब्द मात्र महाराष्ट्रात एका दुःखद कारणाने घरोघरी पोहोचला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा याच राज्याने १९८८ साली केला. ज्या ध्वनीचा मुलींविरुद्ध दुरुपयोग झाला, तोच ध्वनी गर्भातील हृदयाचा दोषही दाखवू शकतो. रोहिण्यांची अदलाबदल पाचव्या महिन्याच्या सुमारास ओळखली गेली, तर सौंसरच्या मातेस प्रसूतीपूर्वीच मोठ्या शहरी नेता येते. तसे झाले नाही, तर जन्मतः उघडी असलेली रक्तवाहिनी मिटू नये म्हणून औषधाची धार चालू ठेवून बालकास हलवावे लागते. फुग्याने मिळते ती केवळ मुदत. रोहिण्या मूळ जागी जोडण्याची शस्त्रक्रिया, जी साओ पाउलोच्या झातेने यांनी १९७५ साली यशस्वी केली, ती साधारणतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते. कारण त्यानंतर डावा निलय कमी दाबास सरावून दुबळा होऊ लागतो.