दस्तुरी नाक्यापुढचा रस्ता

जालन्याहून भोकरदन-सिल्लोडमार्गे अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाला फर्दापूरचा तिठा ठाऊक असतो. स्वतःची गाडी तेथेच ठेवायची आणि लेण्यांपर्यंतचे सुमारे ४ किलोमीटर ठरवून दिलेल्या बसने जायचे. भित्तिचित्रांना धुराचा उपद्रव होऊ नये, एवढाच या व्यवस्थेचा हेतू आहे, आणि तो रास्तही आहे.

परंतु महाराष्ट्रात एक अख्खे गाव असे आहे, जेथे मोटारीला वेशीवरच थांबावे लागते. रायगड जिल्ह्यातील माथेरान. नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर उभी राहते. पहाटे तोच घाट दम टिकवत चढणारे मुंबई-पुण्याचे सायकलस्वारही या नाक्यापर्यंत येतात आणि बहुधा येथूनच उतरणीला लागतात. पुढे तांबडी माती, जांभळाची झाडे आणि शांतता.

या शांततेची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. आजचा धागा तिच्या इतिहासाचा आहे. मोटार नाही म्हणून ओझे नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी खांद्यावर जाते. माथेरानमध्ये ते कोणाच्या खांद्यावर होते, हे पाहू.

मे १८५०. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट डोंगराच्या पायथ्याशी चौक गावी मुक्कामाला होता. तो डोंगर चढून गेला, त्याला वरची हवा आवडली, काही महिन्यांनी तो परत आला आणि राहिला. पुस्तकांत याला माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी या नावाची उकल सांगतात. धनगर, ठाकर आणि कातकरी या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. ज्या जागेला आधीपासून नाव आहे, तिचा शोध कसा लागतो, हा प्रश्न वसाहतकालीन ग्रंथांना फारसा पडलेला दिसत नाही.

मॅलेटनंतर मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने या ठिकाणाकडे लक्ष दिले. स्वतःच्या निवासासाठी जागा निवडली, रस्त्यांची आखणी करवून घेतली. गव्हर्नर येऊ लागल्यावर अधिकारी आले, अधिकाऱ्यांच्या मागोमाग मुंबईचे धनिक आले.

दरम्यान आगगाडीने अंतराचे गणितच बदलले होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी धावलेली ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीची गाडी पुढच्याच वर्षी कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली. या मार्गावर नेरळ होते. म्हणजे मुंबईच्या उकाड्यातून निघालेला मनुष्य काही तासांत माथेरानच्या पायथ्याशी उतरू शकत होता. प्रश्न फक्त वर जाण्याचा उरला.

माथेरानची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. नेरळ जवळजवळ सपाटीवर. हा सगळा चढ साहेब घोड्यावरून चढत असे, मडमा आणि मुले पालखीतून किंवा खुर्चीवजा डोलीतून. ट्रंका, बिछाने, भांडीकुंडी आणि महिनाभराचा शिधा हमालांच्या डोक्यावरून वर जाई. बंगल्यांतील न्याहारीच्या मेजावर जे जे दिसे, ते खालून कोणीतरी चालत आणलेले असे. त्या काळातील प्रवासवर्णनांत सूर्यास्ताची वर्णने ओळीने सापडतात. हमालांचा उल्लेख आला तर बहुधा मजुरीच्या दरापुरता.

हे ओझे काही अंशी हलके केले ते एका मुंबईकर उद्योगपती कुटुंबाने. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान रेल्वे बांधण्याचे ठरवले. वडिलांना माथेरानला जाताना होणारा त्रास पाहून मुलाला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, हिशेब मात्र कोरडा होता: सुमारे १६ लाख रुपये खर्च आणि वर्षातून काही महिनेच प्रवासी. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावली.

तिची रचना मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. रुळांमधील अंतर अवघे २ फूट. नेरळ आणि माथेरान यांच्यात सरळ रेषेत फारसे अंतर नाही, पण हा लोहमार्ग २० किलोमीटरहून किंचित अधिक भरतो. आगगाडीला सरळ चढ झेपत नाही. म्हणून मार्ग डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत जातो, आणि तरीही काही ठिकाणी २० फुटांमागे १ फूट एवढा चढ राहतोच. अशा तीव्र वळणांवर साधे इंजिन रुळांवरून उतरले असते. बार्शी लाइट रेल्वेमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यानुसार जर्मनीच्या ‘ओरेनस्टाइन उंट कोपेल’ कारखान्याने यासाठी इंजिने घडवली. त्यांच्या टोकाच्या आसांना वळणावर थोडे सरकण्याची मुभा होती. ब्रिटिश अभियंता, जर्मन कारखाना, भारतीय भांडवल. आणि डोंगर फोडणारे हात? त्यांची नावे कोनशिलेवर येण्याची रीत नव्हती.

गाडी आली तरी ओझ्याचा प्रश्न संपला नाही. पावसाळ्यात पूर्ण मार्गावरची गाडी बंद ठेवावी लागे. शिवाय ती स्थानकापर्यंत आणून सोडी. तेथून बंगल्यापर्यंत, हॉटेलापर्यंत, पॉइंटांपर्यंत पुन्हा घोडा, हमाल किंवा हातरिक्षा. माथेरानची हातरिक्षा म्हणजे दोन चाकांवरची खुर्ची. एक जण पुढून ओढतो, आणि चढ असल्याने एक-दोघे मागून लोटतात. उतारावर तेच मागचे हात ती आवरून धरतात. प्रवाशाला तो उतार जाणवतही नाही.

हे गाव अशा कष्टकऱ्यांचे होते, हे विसरले की भाई कोतवालही नीट कळत नाहीत. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि १९४२ मध्ये आझाद दस्त्यासह जंगलात उतरून विजेचे मनोरे पाडू लागले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात त्यांना आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. पर्यटकांच्या नकाशात माथेरान म्हणजे पॉइंटांची यादी. त्या यादीबाहेरचे माथेरान हे असे आहे.

आता जरा दूर जाऊ. १८९६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या २५ व्या पायदळ पलटणीतील काही कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली मोंटाना राज्यातील फोर्ट मिसूलाहून सायकलींवर निघाले आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचले. बंदूक, तंबू, शिधा सगळे सायकलीवर. पर्वतीय राष्ट्रीय उद्यानातील सायकलस्वारीच्या इतिहासात हे प्रकरण फार आरंभीचे आहे, आणि ती सहल नव्हती. घोड्याचे काम सायकल करील काय, याची लष्करी चाचणी होती. येथेही ओझे कोण वाहणार, हाच प्रश्न.

त्याच मोंटानात १९१० मध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १९३३ मध्ये त्याच्या डोंगररांगा ओलांडणारा ‘गोइंग टू द सन’ हा रस्ता मोटारींसाठी खुला झाला. आज गंमत अशी की, दर वसंतात त्यावरचे बर्फ हटवण्याचे काम चालू असताना मोटारींना मज्जाव असतो, आणि नेमक्या त्या काही आठवड्यांत सायकलस्वार तेथे गर्दी करतात. मोटारीसाठी कोरलेला घाट, पण त्याचा खरा आनंद मोटारीविना. मात्र या डोंगरांचा पूर्वेकडील भाग १८९५ च्या करारापर्यंत ब्लॅकफीट लोकांचा होता. हलाखीच्या काळात त्यांनी तो अमेरिकी सरकारला दिला. रिकाम्या, निसर्गरम्य रस्त्याखाली बहुधा अशी एखादी जुनी नोंद असतेच.

माथेरानकडे परत येऊ. महाबळेश्वरला रस्ता आधीपासून होता, म्हणून मोटार आली आणि राहिली. माथेरानला मोटारयोग्य रस्ता येण्यापूर्वीच रेल्वे आली. पुढे घाटरस्ता झाला तोही दस्तुरीपाशी थांबला. म्हणजे वाहनमुक्तता ही आरंभी तरी कोणा द्रष्ट्याची पर्यावरणदृष्टी नव्हती. डोंगराचा आकार आणि स्वस्त मजुरी यांची ती निष्पत्ती होती. तिला पर्यावरणाचे कायदेशीर कवच पुष्कळ उशिरा मिळाले. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि परिसराचे सुमारे २१५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केले. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब अशी निकडीची वाहने वगळता गावात वाहनबंदी कायम झाली.

रान वाचले. हे खरेच मोठे काम झाले, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच नियमाच्या सावलीत हातरिक्षाही टिकून राहिली. एका बाजूस झाडांचे रक्षण, दुसऱ्या बाजूस माणसाने माणसाला ओढण्याची रीत. दोन्ही एकाच वाहनबंदीने जपले.

हातरिक्षाचालकांनीच अखेर ई-रिक्षाची मागणी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, परवानगीनंतर २०२२ च्या अखेरीस मोजक्या ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. दस्तुरीहून शाळा गाठणाऱ्या मुलांची पायपीट वाचली. अश्वपालांनी विरोध केला, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्नही खोटा नव्हता: ई-रिक्षात बसलेला प्रवासी घोड्यावर बसत नाही. पर्यावरणवाद्यांची शंका वेगळी होती. आज ई-रिक्षा, उद्या तिच्यासाठी पेव्हर ब्लॉक, परवा मोटार.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे. ती सहा महिन्यांत बंद करावी आणि खऱ्या हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा द्याव्यात. निधी नाही, ही सबब चालणार नाही, असेही शासनाला बजावण्यात आले.

न्यायालयाने या वेळी १९८० च्या एका निकालाची आठवण काढली. तो पंजाबमधील सायकलरिक्षा चालवणाऱ्यांचा खटला होता. रिक्षा चालवणाऱ्याच्याच मालकीची असावी, असा कायदा झाला, पण विकत घेण्यास त्यांच्याकडे पैसे कोठून असणार? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी केवळ कायद्याचा अर्थ लावला नाही, तर बँकेच्या कर्जातून रिक्षा चालकाच्या नावावर होईल, अशी योजनाच आखून दिली. ४५ वर्षांनंतर माथेरानच्या प्रकरणात तोच धागा पुढे आला: वाहन बदलताना मालकीही ओढणाऱ्याकडेच यावी.

पेव्हर ब्लॉकविषयी न्यायालयाने रेषा आखून दिली. दस्तुरी नाक्यापासून गावातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ते चालतील. आतले रस्ते आणि डोंगरवाटा यांवर मात्र नाहीत. तेथे तांबडी मातीच राहील.