चाबी, चोर-स्विच आणि चेसिस नंबर

तुमसरच्या धान बाजारात हंगामात उभ्या असलेल्या पिकअप नीट बघा. गाडी आठ-दहा लाखांची, तिच्यावर फायनान्सचा हप्ता, आणि राखणीला काय? क्लचच्या पेडलपासून स्टिअरिंगपर्यंत गुंडाळलेली लोखंडी साखळी आणि पितळी कुलूप. बैलाच्या गळ्यातली परवडली म्हणायची! पण हसू नका मंडळी. ह्या साखळीला फार मोठा इतिहास आहे आणि ती अजून टिकून आहे, ह्याला कारणही आहे.

इतिहास म्हटलं की आपण किल्ल्यांवर आणि लढायांवर जातो. ह्या शनिवारी जरा चोरीच्या इतिहासाकडे जाऊ.

सुरुवात मागापासून. माग म्हणजे पावलांचा माग. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात गावाच्या जागल्याचं काम सांगितलं आहे. चोरी झाली की त्याने चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचं, आणि माग पुढच्या गावात गेलाय हे दाखवून द्यायचं. मग जबाबदारी त्या गावाची. माग शिवेच्या आतच हरवला तर भरपाईची जबाबदारी आपल्या गावावर. (भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होतं, त्यामुळे हा अहवाल आपल्या भागाचा नाही. पण पद्धत समजून घ्यायला चांगला आहे.) मला ह्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शोधणारा आणि भरपाई देणारा, दोघं एकाच यादीत आहेत. आज पोलीस वेगळे, विमा कंपनी वेगळी, आणि मधे गाडीमालक फाइल घेऊन फिरतो.

आणि शीव म्हणाल तर भंडाऱ्यात ती फार जवळ आहे. तुमसरहून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. साकोलीवरून पूर्वेला मुंबई-कोलकाता हायवे पकडला की गोंदिया जिल्ह्यातलं देवरी, आणि पुढे छत्तीसगड. १९५६ पर्यंत हे सगळं एकाच प्रांतात होतं, राजधानी नागपूर. आता रात्री अकराला उचललेली गाडी पहाटेपर्यंत तीन राज्यांपैकी कुठेही असू शकते.

आता गाडीकडे वळू. आपल्याकडच्या पिकअपची आजी म्हणजे जीप. महिंद्राने १९४७ साली विलिसच्या जीपची जुळणी भारतात सुरू केली. दुसऱ्या महायुद्धातल्या ह्या जीपला सुरुवातीला चाबी होती, पण पुढे सैन्याने ती काढूनच टाकली आणि साधा फिरवायचा खटका बसवला. लढाईत चाबी शोधत कोण बसणार? परिणाम काय, तर जीप कोणीही चालू करून न्यायची. मग सैनिकांनी स्टिअरिंगला साखळी आणि कुलूप लावायला सुरुवात केली. म्हणजे तुमसरची ती साखळी थेट युद्धभूमीवरून आली आहे असं म्हणायला हरकत नाही :)

चाबी आली तरी खरं संरक्षण आलं नाही. ह्याचं कारण डिझेल इंजिन, आणि हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. पेट्रोल गाडीत ठिणगी लागते, ठिणगीला वीज लागते, त्यामुळे चाबी बंद केली की इंजिन बंद. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. हवा दाबली की तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेटतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत इंजिन एकदा चालू झालं की त्याला विजेची गरजच नव्हती. बंद करायला डॅशबोर्डखालचा वायरचा नॉब ओढावा लागे. चाबीचं काम फक्त स्टार्टर फिरवण्याचं आणि दिवे लावण्याचं. उतारावर गाडी उभी असेल तर स्टार्टरही नको, गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की झालं. धक्का स्टार्ट! पुढे पंपावर सोलेनॉइड आला, पण तोही काय, बॅटरीची एक वायर मिळाली की उघडतो.

म्हणून आपल्या मिस्त्री लोकांनी स्वतःचे उपाय काढले. डिझेलचा कॉक बंद करून ठेवणे. बॅटरीची पट्टी ढिली करणे. आणि सगळ्यात लाडका, चोर-स्विच. सोलेनॉइडच्या वायरमध्ये एक खटका टाकायचा आणि तो सीटखाली किंवा डॅशच्या मागे अशा जागी लपवायचा की फक्त मालकालाच माहीत. माझ्या काकांच्या गाडीतला कुठे आहे हे मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "तुले सांगतलं तं चोर-स्विच कायचा बाप्पा?" आमच्या क्षेत्रात गुपितावर उभ्या असलेल्या सुरक्षेला नाकं मुरडतात. पण चोराकडे वेळ दोन मिनिटं असेल, तर लपवलेला खटकाही पुष्कळ काम करतो, हे मान्य करायला हवं.

स्टिअरिंग लॉक पश्चिम जर्मनीने १९६१ मध्येच सक्तीचं केलं. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटच्या चाबीत एक रेझिस्टर बसवला, गाडी त्याची किंमत मोजून ओळख पटवायची. किती वेगवेगळ्या किमती? पंधरा! म्हणजे चोराने पंधरा चाब्या जवळ ठेवल्या की विषय संपला. नंतर चाबीत चिप आली आणि युरोपात १९९८ च्या सुमारास नव्या कारना इमोबिलायझर सक्तीचा झाला. गाडी चिपला प्रश्न विचारते, चिप गुप्त अंकावरून उत्तर काढते, उत्तर चुकलं तर इंजिन चालू होत नाही. त्यातली एक लोकप्रिय चिप ४० बिटांची होती. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता, ऐकायला भरपूर. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सोळा एफपीजीए जोडून ती तासाभरात फोडून दाखवली. असो.

पण इमोबिलायझर बसवायचा कशावर? पंप मेकॅनिकल असेल तर त्याला "नाही" म्हणणारा कोणी नाही. इंजिनावर कॉम्प्युटर हवा. तो आपल्या पिकअपमध्ये आला तो प्रदूषणाच्या नियमांमुळे. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ एप्रिल २०२० पासून. डिझेल किती आणि कधी फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवू लागला, तेव्हा कुठे चुकीच्या चाबीला डिझेल नाकारणं सोपं झालं. माझं मत विचाराल तर धुराच्या नियमांनी पिकअपच्या राखणीला कुलूपवाल्यांपेक्षा जास्त हातभार लावला. जुनी गाडी ज्याच्याकडे आहे त्याने मात्र साखळी सोडू नये.

जीपीएसचंही तसंच. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम टाकलेली चूक काढली आणि माग पुन्हा गावात आला. फरक इतकाच की जागल्याला जंगलात रेंज लागत नव्हती, ट्रॅकरला लागते.

राहिला कागद. एमएच-३६ ही भंडाऱ्याची ओळख. पाटी बदलणं पाच मिनिटांचं काम म्हणून उच्च सुरक्षा पाटीचा नियम २००१ मध्ये आला. कोर्टकचेऱ्या होत होत एप्रिल २०१९ पासून तो सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठीची मुदत २०२५ मध्ये किती वेळा वाढली हे मोजायचं मी सोडून दिलं. पाटीवर लेझरने कोरलेला नंबर असतो आणि तिचं लॉक एकदा काढलं की परत बसत नाही. चेसिसवर ठोकलेला नंबर मात्र त्याहून महत्त्वाचा. गाडी रंगवून, पाटी बदलून सापडली तरी खरी ओळख तिथेच. आरसीवरचा नंबर आणि चेसिसवरचा नंबर एकदा स्वतः जुळवून बघा, फोटो काढून ठेवा.

आणि चोरी झालीच तर? तडक ठाण्यात जा, हद्दीवरून कोणी परत पाठवत असेल तर १ जुलै २०२४ पासून झिरो एफआयआर कायद्यातच आहे. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग प्रकरणात, चोरी ट्रॅक्टरची होती, असं ठरवलं की एफआयआर लगेच दिला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही. तो माणूस कंपनीकडे ५२ दिवस उशिरा गेला होता. पण चोरी २०१० ची आणि निकाल २०२० चा. दहा वर्षं! तपासात गाडी सापडली नाही तर पोलीस 'अ' समरी पाठवतात, तो कागद कंपनी मागतेच. आणि मागते दोन्ही चाब्या. दुसरी चाबी घरात कुठे आहे, ते आजच शोधून ठेवा.